लोकरीला कसर लागते, डांबरगोळ्या टाकूनही!

प्रश्न : कपाट आवरायला काढलंय. स्वेटर, शाली धुऊनच ठेवायच्या का? गोळ्या टाकल्या तरी भोकं पडतात.

लिंबोणी : धुऊनच. कसरीच्या अळ्या घामाची, अन्नाचे डाग असलेली लोकर आधी धरतात. एक मळका स्वेटर अख्ख्या गठ्ठ्याला पुरतो. वाळल्यावर शिवणी आणि कॉलर बोटांनी चाचपा, तिथे ओल राहिली की कुबट वास ठरलेला. गोळ्यांची वाफ घट्ट झाकणाच्या डब्यातच साठते, फटी असलेल्या कपाटात त्या नुसत्या उडून जातात. सोबत कापूर नको, दोन्ही मिळून पाझरतात आणि डाग पडतात.

उंबरठा : आधीच लागलेली कसर मात्र धुण्यावर सोडू नका. पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ७ दिवस. बाहेर काढल्यावर लगेच उघडलीत तर कपड्यांवर दव धरतं.

प्रश्नकर्ता : आणि हवा काढायच्या पिशव्या?

लिंबोणी : सुती चादरींना उत्तम. पिसांच्या रजया नकोत, फार दिवस दाबल्या की नीट फुगत नाहीत. कपाटही भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. वास बऱ्याचदा त्या मागच्या भिंतीचाच असतो.