डीव्हीडीवरून विंडोज १० टाकताना मधेच अडकतंय, काय करू?

प्रश्न:
जुन्या लॅपटॉपला हार्ड डिस्क काढून नवीन एसएसडी लावलाय, आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कची फाइल) डाउनलोड करून डीव्हीडी राइट केली, बूट होते, पार्टिशनपण बनतं, पण फाइल्स एक्स्पांड होताना कधी ३० टक्क्यांच्या आसपास तर कधी पार ७० च्या पुढे जाऊन थांबतं आणि ८००७०५७० हा एरर येतो, फाइल करप्ट किंवा मिसिंग आहे म्हणे. आता डिस्क खराब म्हणायची, एसएसडी की आणखी काही? आधीच्या हार्ड डिस्कवरचा डेटा एका एक्स्टर्नल ड्राइव्हवर घेऊन ठेवलाय.

रात्रपाळी:
टक्का दरवेळी बदलतोय हे बरं सांगितलंत. आयएसओच खराब असेल तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतं. सगळं विंडोज एका मोठ्या दाबून भरलेल्या फाइलमधे असतं, सेटअप ती उलगडताना तपासत जातो आणि हिशेब जुळला नाही की तिथेच थांबतो. आता वाचताना चूक होतेय की मेमरीत गेल्यावर, ते शोधायचंय. आधी आयएसओचा हॅश (फाइल जशीच्या तशी उतरली का हे कळण्यासाठीचा तपासणी-आकडा) जुळवा, मग नवी डीव्हीडी ४एक्स स्पीडला राइट करा आणि व्हेरिफायची टिक ठेवा, फुल स्पीडला राइट केलेल्या डिस्क जुन्या ड्राइव्हला वाचायला जड जातात.

उघडझाप:
डीव्हीडीचा नाद सोडा हो, रूफस ह्या प्रोग्रामने बूट होणारा पेनड्राइव्ह बनवा. फक्त बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय (लॅपटॉप बूट करायची नवी पद्धत) लिहिलेला. एसएसडीवरची पार्टिशन जीपीटी ह्या नव्या पद्धतीची असतील तर यूईएफआयवालाच निवडा, नाहीतर ह्या डिस्कवर इन्स्टॉल होणार नाही म्हणून वेगळंच गाऱ्हाणं सुरू होईल.

रात्रपाळी:
पेनड्राइव्ह चालेल, पण रॅममधे घोळ असेल तर तिथेही हेच होणार. मेमटेस्ट८६प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, निदान एक पास (पूर्ण फेरी) होऊ द्या, रात्रभर ठेवलंत तर उत्तम. एकही लाल ओळ आली तर रॅम गेली समजा, थोडे एरर चालतात वगैरे काही नसतं. रॅमच्या दोन स्टिक असतील तर चार्जर आणि बॅटरी काढून एकेक स्टिक लावून बघा.

प्रश्नकर्ता:
हॅश जुळला. मेमटेस्टला मात्र थोड्याच वेळात लाल ओळींची रांग लागली, एक स्टिक काढली तर साफ, आणि त्याच जुन्या डीव्हीडीवरून विंडोज एका दमात टाकून झालं! खूप खूप आभार. आता ती हार्ड डिस्क फॉरमॅट करून बॅकअपला वापरतो.

रात्रपाळी:
थांबा, ती अजून पुसू नका! डेटा ह्याच लॅपटॉपवरून कॉपी केला असेल तर तोसुद्धा त्या खराब रॅममधूनच गेलाय. कॉपी होताना एरर येत नाही, फोटो अर्धा करडा झालेला किंवा झिप उघडत नाही हे नंतर कधीतरी कळतं. चांगल्या रॅमवर पुन्हा कॉपी करा, काही फाइल्स उघडून बघा, मगच फॉरमॅट.