झेडई पिनकोड: शेटलंडला जायचं ठरतंय, कोणी राहिलंय का?

सोलापूरकर_मीरा: नवऱ्याला लर्विकला, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या मुख्य गावात, नोकरी मिळतेय. पत्त्यात 'झेडई१' आहे. एस सोडून झेड कुठून आला? आणि माणसं तरी आहेत का तिथे?

वाऱ्यावरचा: मीराताई, मी तिथे तीन हिवाळे काढलेत. झेडई म्हणजे झेटलंड, बेटांचं जुनं नाव. झेडई१ लर्विक आणि आसपास, झेडई३ दक्षिण टोकाला विमानतळाजवळ, उरलेलं बहुतेक झेडई२. बेटं शंभराच्या आसपास, वस्ती फक्त सोळांवर, माणसं जेमतेम २३ हजार. १८६१ मध्ये ३१ हजारांवर होती, १९७१ पर्यंत १७ हजारांवर आली. मग समुद्रात तेल सापडलं, सलम व्होला तेलाचं टर्मिनल झालं आणि माणसांची गळती थांबली.

१४६९ पर्यंत हे नॉर्वेचं. राजाकडे मुलीच्या हुंड्याला रोकड नव्हती, म्हणून बेटं स्कॉटलंडकडे गहाण टाकली, ती सोडवलीच नाहीत! गावांची नावं अजून नॉर्स, म्हणजे जुन्या नॉर्वेच्या भाषेच्या वळणाची.

झाडं जवळपास नाहीत. वारा मात्र असा, की छत्री विकत घेऊच नका. जूनमध्ये रात्री अकराला अंगणात पेपर वाचता येतो, डिसेंबरात तीनलाच अंधारतं.

सोलापूरकर_मीरा: बापरे! आणि भाकरीचं पीठ?

वाऱ्यावरचा: स्कॉटलंडच्या ॲबर्डीन बंदराहून रात्रभराच्या बोटीने सोबत आणा. कुरिअरवाले झेडई बघितलं की जादा पैसे मागतात. एकाने तर 'हा पत्ता ब्रिटनबाहेरचा' म्हणून माझा कुकर परत पाठवला.