ड्रायव्हर मिळत नाही म्हणून लॅपटॉप भंगारात? काहून?

मानेवाडा_मास्तर
परवा इथं 'सरळ_हिशोब' यांनी लिहिलं की दहा वर्षांपुढचा लॅपटॉप म्हणजे भंगार, ड्रायव्हर (वायफायसारखा एकेक भाग चालवणारं सॉफ्टवेअर) मिळत नाहीत, मिळाले तर चालत नाहीत, आणि त्यापायी रात्र जागवणाऱ्यांना वेळेची किंमत नाही. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडलेला पाहून राहवलं नाही.

लोक शोधतात कसं, ते पाहा. मॉडेलचं नाव टाकायचं, पुढे 'वायफाय ड्रायव्हर फ्री डाउनलोड', आणि जे मोठं हिरवं बटण दिसेल ते दाबायचं. त्यातून ड्रायव्हर येत नाही, ड्रायव्हर अपडेटर नावाचा उपद्रव येतो. तो सगळं लाल करून दाखवतो आणि पैसे मागतो. मग म्हणायचं, मिळत नाही!

मॉडेलवर जाऊच नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी कधी हे वायफाय कार्ड लावते, कधी ते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, ड्रायव्हर नसलेल्या भागावर दिसणाऱ्या पिवळ्या त्रिकोणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथल्या यादीत 'हार्डवेअर आयडीज'. त्यातला व्हेंडर, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा कोड, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. तो व्हेंडर आणि डिव्हाइसचा आयडी मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या साइटवर टाका, कॅब फाइल (दाबून बांधलेलं गाठोडं) उतरवा, फोल्डरमध्ये मोकळी करा आणि 'अपडेट ड्रायव्हर'ला तो फोल्डर दाखवा. फुकट.

भाच्याच्या लॅपटॉपमध्ये एक 'अननोन डिव्हाइस' होतं. दुकानदारानं बोर्डाचा प्रॉब्लेम सांगून मोठा आकडा काढला. आयडी पाहिला तर एचपीक्यू०००४. म्हणजे लॅपटॉप हातातून पडला की हार्डडिस्क सांभाळणारा सेन्सर. त्या पोराच्या मशीनमध्ये एसएसडी. त्या सेन्सरला करायला कामच उरलं नव्हतं, आणि त्यासाठी बोर्ड बदलणार होते!

सरळ_हिशोब
मास्तर, निबंध छान. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठवी पिढी पाहिजे. जुगाड करून टाकाल, तरी ११ ची २४एच२ ही आवृत्ती कोअर टू ड्युओ या जुन्या इंटेल प्रोसेसरवर बूटच होत नाही, त्या प्रोसेसरला लागणारी आज्ञाच कळत नाही. मग ड्रायव्हर शोधून तुम्ही नेमकं काय वाचवलं? बँकेचं काम त्यावर करणार? तुम्हाला उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतात, आम्हाला नसतात.

टर्मिनल_तात्या
दोघंही चुकीच्या गावात पत्ता शोधून राहिले. विंडोज टाकताच कशाला? लिनक्स या फुकट सिस्टिममध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे तिच्या गाभ्यातच असतात. डेबियन या लिनक्सनं तर आवृत्ती १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, फर्मवेअरही (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच दिलं. टाका, चालू करा, विसरा.

दप्तर_ताई
तात्या, विसरा म्हणे! माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ते ब्रॉडकॉमचंच कार्ड आहे. लिनक्स टाकलं, वायफाय गायब. उपाय काय, तर अमुक पॅकेज इन्स्टॉल करा. ते उतरवायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटला वायफाय पाहिजे. शेवटी फोन केबलनं लावून यूएसबी टेदरिंग केलं तेव्हा सुटलं. हे कुठल्या गाइडच्या पहिल्या ओळीत का नसतं? आणि ऑफिसचं टॅली काय तुम्ही येऊन चालवणार?

टर्मिनल_तात्या
ब्रॉडकॉमचा दोष लिनक्सच्या माथी नका मारू. ते फर्मवेअर वाटायची परवानगीच नाही, तर डेबियन कुठून देणार? टॅलीचं मान्य. टॅलीवाल्यांनी विंडोजमध्येच राहावं, सुखी राहावं.

सरळ_हिशोब
आणि ज्यांचं मशीन ३२ बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरचं आहे त्यांना डेबियन १३ नं ऑगस्ट २०२५ मध्ये दार बंद केलं, तेही सांगा नं तात्या. तुमचं विंडोजच झालं की मग.

बर्डी_रिपेअर
दुकानदाराले शिव्या देणं सोपं असते मास्तर. नागपूरच्या बर्डीत दुकानाचं भाडं किती आहे विचारून पाहा. गिऱ्हाईक मशीन ठेवून जाते, वरून म्हणते 'फक्त ड्रायव्हर टाकायचा, पाच मिनिटांचं काम'. ते पाच मिनिटं मले माहीत आहेत.

खरं सांगू? तुमचे लॅपटॉप ड्रायव्हरपायी मरतच नाहीत. कूलरपायी मरतात. मे महिन्यात येणाऱ्या मशिनी उघडून पाहा. यूएसबी पोर्टात पांढरी खपली, कीबोर्डच्या पट्टीवर हिरवा गंज, पंख्याच्या पात्यांवर कूलरच्या ताटीचा भुसा चिकटून त्याचा नमदा झालेला. मग वायफाय दिसत नाही म्हणून ड्रायव्हर शोधतात. कार्डाचा कॉन्टॅक्टच गेला असते बाप्पा!

मानेवाडा_मास्तर
हे काही पटत नाही. मे महिन्यात नागपूरची हवा ठणठणीत कोरडी. चालू लॅपटॉप खोलीपेक्षा गरम असतो. गरम वस्तूवर दव साचत नाही, हे सातवीच्या पोरालाही माहीत आहे.

बर्डी_रिपेअर
सातवीच्या पोरानं मशीन उघडली नाही, म्यां उघडली. वाफेचं कोण बोलून राहिलं? ताटी चिंब झाली की कूलर थेंब फेकते. बोअरचं पाणी खारं. थेंब सुकते, खार राहते. खिडकीतल्या कूलरसमोर काळा कपडा टांगा, संध्याकाळी पाहा.

मनीषनगर_वाला
बरोबर आहे. आमच्या टीव्हीवर पण पांढरे ठिपके. बायको म्हणते पुसत नाही म्हणून. आता हा धागा दाखवतो.

दप्तर_ताई
मुद्दा ड्रायव्हरचा होता हो! पण विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात, बाहेर सगळं ओलं असताना कूलर लावून बसणारे आमच्या ऑफिसात आहेत. जुलैत फायलीसुद्धा ओलसर लागतात. तेव्हा मास्तरांची कोरडी हवा कुठे जाते?

मानेवाडा_मास्तर
मी मे महिन्याचं बोललो, जुलैचं नाही.

टर्मिनल_तात्या
ताटीऐवजी पुठ्ठ्याचं हनीकॉम्ब पॅड लावा. भुसाही नाही, थेंबही कमी.

बर्डी_रिपेअर
हनीकॉम्बमध्ये खार भरला की हवाच येत नाही. दर सीझनला बदलायचे पैसे तात्या देणार काय?

मनीषनगर_वाला
वाळ्याच्या ताटीचा वास त्या पुठ्ठ्याला येते काय? नागपुरात राहून हनीकॉम्ब! धन्य.

टर्मिनल_तात्या
वास पाहिजे तर अगरबत्ती लावा. मी लॅपटॉप वाचवून राहिलो.

सरळ_हिशोब
जुना लॅपटॉप वाचवायला निघालेली मंडळी ताटीवर भांडून राहिली. माझा मुद्दा सिद्ध झाला, धन्यवाद.

मानेवाडा_मास्तर
काही सिद्ध झालं नाही. सिक्युरिटीचं तुमचं बरोबर आहे, बँकेचं काम त्यावर करू नये, एवढं लिहून देतो. पण पोराला टायपिंग शिकायला, वडिलांना कीर्तन ऐकायला, शाळेच्या मार्कांचे तक्ते बनवायला ते मशीन चांगलं पाच वर्षं जाते. आणि मशीन म्हातारं होत नाही, त्याला म्हातारं ठरवतात. इंटेलनं २०१९ मध्ये आपल्या जुन्या बोर्डांचे बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर साइटवरून काढून टाकायला घेतले. बोर्ड चालू, फाइल गायब. म्हणून सांगतो, ज्यांच्या कंपनीचं पान अजून जिवंत आहे त्यांनी आजच सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. विंडोज ७ चा ड्रायव्हरही १० वर पुष्कळदा बसतो, फक्त ३२ बिटचा ६४ वर बसवायला जाऊ नका.

बर्डी_रिपेअर
पेनड्राइव्हचं बरोबर बोलले. माह्या दुकानात तेच चालते, जुन्या ड्रायव्हरची एक डिस्क कपाटात कुलपात आहे. कंपनीवर भरोसा नाही. मास्तर, भाच्याचा बोर्ड म्हणणारं दुकान माहं नव्हतं, एवढं लिहा.

मानेवाडा_मास्तर
तुमचं नव्हतं. लिहिलं. आता कूलरसमोर कपडा टांगतो, खोटं निघालं तर इथंच येऊन सांगीन.

सरळ_हिशोब
ठीक आहे. अलमारीत एक २०११ चा पडला आहे. 'पीसीआय सिम्पल कम्युनिकेशन्स कंट्रोलर'वर त्रिकोण. मॉडेमचे सगळे ड्रायव्हर टाकून पाहिले होते. आयडी व्हेंडर ८०८६, डिव्हाइस १सी३ए. दाखवा तुमची जादू.

मानेवाडा_मास्तर
मॉडेम नाहीच ते. इंटेलचा मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस, म्हणजे बोर्डावरच्या ६ सीरीज चिपसेटमधला एक आतला कंट्रोलर. कॅटलॉगमध्ये आयडी टाका, मिळेल. नाही टाकला तरी तुमच्या कामात काही अडणार नाही.

सरळ_हिशोब
गेला त्रिकोण. तरी विकणारच आहे.

मनीषनगर_वाला
किती घ्याल? कूलरसमोर ठेवलेला नाही नं?