अहिराणी गाण्यांच्या साइटवर मार्कडाउन एडिटर: ओळी तुटत नाहीत

प्रश्न (अमळनेर):
आमच्या साइटवर कानबाई देवीची आणि लग्नातली अहिराणी गाणी गोळा करतोय. पोरं वर्डमधून पेस्ट करतात, सोबत नको ते फॉन्ट अन् रंग येतात. म्हणून ईझीएमडीई हा मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) लिहायचा एडिटर लावला. प्रीव्ह्यूत कडवं नीट दिसतं, पण सेव्ह केल्यावर चारही ओळी एकाच ओळीत! शिवाय प्रत्येक अहिराणी शब्दावर लाल खूण. ओळ मोडली की गाण्याचा ठेकाच जातो, हे मला चालणार नाही.

उत्तर (धुळे):
भाऊ, लाल खूण इंग्रजी स्पेलचेकची आहे, तो आधीपासूनच चालू असतो. एडिटरच्या सेटिंगमध्ये 'स्पेलचेकर' फॉल्स (बंद) करा. मार्कडाउनमध्ये नुसत्या एंटरने ओळ तुटत नाही, शेवटी दोन स्पेस लागतात. 2004 पासून हाच नियम. प्रीव्ह्यू मात्र साधा एंटर मानतो. सेव्ह केलेल्या मार्कडाउनचं पानावर दिसणारं एचटीएमएल (वेबपानाचा कोड) कशाने बनवता?

अमळनेर:
मार्क्ड नावाच्या लायब्ररीने.

धुळे:
मग मार्क्डमध्ये 'ब्रेक्स' ट्रू (चालू) करा, साध्या एंटरनेही ओळ तुटेल. दोन स्पेस कुणाला शिकवत बसू नका.

उत्तर (शहादा):
एक महत्त्वाचं. मार्क्ड घातक स्क्रिप्ट (मजकुरात घुसवलेला कोड) गाळत नाही. बाहेरचे लोक लिहिणार, तर तयार एचटीएमएल डोमप्युरिफाय या असा कोड गाळणाऱ्या लायब्ररीमधून काढूनच दाखवा. डेटाबेसमध्ये मूळ मार्कडाउनच ठेवा.

अमळनेर:
ब्रेक्स चाललं! डोमप्युरिफाय आज रात्री लावतो.