मॅस्टोडॉन: प्रोफाइल सगळीकडं दिसतंय, पण पोस्ट जाईना आणि येईना

परभणीचा_पेंग्विन:
राम राम मंडळी. मॅस्टोडॉन (इतर सर्व्हरशी पोस्टची देवाणघेवाण करणारं सोशल नेटवर्क) ४.३ स्वतःच्या मशीनवर चालवतोय, डेबियन १२ लिनक्स, डॉकर नाही, ३४ खाती. मशीन म्हणजे परभणीत घरी ठेवलेला जुना डेस्कटॉप, मॉनिटर-कीबोर्ड काही जोडलेलं नाही. ब्रॉडबँडला सीजीनॅट (एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला, बाहेरून थेट आत येता येत नाही) असल्यामुळं मुंबईतला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) पुढं ठेवलाय. एनजिनएक्स (विनंत्या पुढं पाठवणारा वेब सर्व्हर) आणि सर्टिफिकेट तिथं, तिथून वायरगार्डच्या (व्हीपीएन) टनेलमधून घरी. घरच्या कॉन्फिगमध्ये अलाउड आयपीज पूर्ण उघडे आहेत (०.०.०.०/०), म्हणजे मशीनची सगळी ये-जा टनेलमधूनच. व्हीपीएसच्या फायरवॉलमधून बाहेर जायला ५३, ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट मोकळे.

गल्लीतली डीपी जळाली, तीन दिवस लाइट नव्हती. लाइट आल्यावर टनेल उठेना. घरचं मशीन दोनदा रीस्टार्ट केलं, काही फरक नाही. शेवटी व्हीपीएस रीबूट केला तर लगेच हँडशेक (दोन टोकांची जोडणी) झाला. तेव्हापासून असं व्हायलंय: बाहेरच्या सर्व्हरवरून आमची खाती शोधली की सापडतात, फोटो-नाव दिसतं, पण फॉलो केलं की ‘विनंती पाठवली’वरच अडकतं. आम्हालाही बाहेरची माणसं सापडतात, पण त्यांच्या नव्या पोस्ट येत नाहीत आणि आमच्या त्यांना जात नाहीत. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये इनबॉक्सवर (बाहेरचे सर्व्हर पोस्ट-फॉलो जिथं आणून टाकतात तो पत्ता) येणाऱ्या विनंत्यांना ४०१ची (ओळख पटली नाही म्हणून नकार) रांग. साइडकिकच्या (पाठीमागची कामं करणारा प्रोग्राम) रिट्रायमध्ये (पुन्हा प्रयत्नाची रांग) २,१०० कामं, तिथंही बहुतेक ४०१. पाच-सहा ठिकाणी ‘सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड’ आलंय.

दोन जणांना लॉगिन करताना ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड चालत नाही, पण तो विषय वेगळा असेल.

बालाघाट:
एवढा गुंता सोडवण्यापेक्षा डेटाबेस नवा करून त्याच डोमेनवर परत इन्स्टॉल करा. तासाभराचं काम.

गोदाकाठ:
बालाघाट भाऊ, हे मात्र अजिबात करू नका. डेटाबेस गेला की प्रत्येक खात्याची खासगी चावी गेली आणि कोण कोणाला फॉलो करतं याची आपल्याकडची नोंदही गेली. बाहेरच्या सर्व्हरवर मात्र जुन्या नोंदी तशाच राहतात. त्यांना वाटतं आपण फॉलो करतोय, आपल्या नव्या डेटाबेसला ते माहीतच नसतं. मग खरंच निस्तरता येत नाही.

पेंग्विन दादा, कोडचा विषय वेगळा नाही, उत्तर तिथंच आहे. तुमच्या मशीनचं घड्याळ तीन दिवस मागं आहे. आत्ता पोस्ट टाकलीत तर तिच्याखाली ‘३ दिवस’ असं दिसेल, बघा.

जे चालतंय ते सगळं वाचन आहे: वेबफिंगर (खात्याचा पत्ता शोधणं), प्रोफाइल, शोध. त्याला सहीची, म्हणजे खासगी चावीनं केलेल्या डिजिटल खुणेची, गरज नसते (वाचायलाही सही मागणारे सिक्युअर मोडवाले सर्व्हर सोडून). जे अडलंय ते सगळं इनबॉक्सवर पाठवणं आहे आणि तिथं प्रत्येक विनंतीवर सही लागते. त्या सहीत तारखेचा हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) बांधलेला असतो. मॅस्टोडॉन साधारण तासाभराचा फरक चालवून घेतं, त्यापुढं ४०१. तुमची सही त्यांना तीन दिवस शिळी वाटते आणि त्यांची सही तुम्हाला तीन दिवस पुढची, म्हणून दोन्ही बाजूंनी नकार. ज्या सर्व्हरनी याच तीन दिवसांत सर्टिफिकेट नवं केलं, ते तुमच्या घड्याळाच्या मते ‘अजून सुरूच व्हायचंय’. ऑथेंटिकेटरचा कोड दर ३० सेकंदांनी बदलतो, तो तर जुळणारच नाही.

४०१ फक्त आत येताना असता तर मी आधी एनजिनएक्समधला होस्ट हेडर बघितला असता. मूळ डोमेनऐवजी टनेलचा पत्ता पुढं गेला की सही जुळत नाही. दोन्हीकडं ४०१ म्हटल्यावर घड्याळच.

‘टाइमडेटसीटीएल’ चालवा. ‘सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’समोर ‘नो’ असणार.

परभणीचा_पेंग्विन:
‘नो’च आहे. तारीख बरोबर लाइट गेली त्या दिवसाची. पोस्टखालचं ‘३ दिवस’ही दिसत होतं, ॲपचा कॅशे समजून सोडून दिलं होतं. पण टाइमसिंकडी (इंटरनेटवरून वेळ घेणारी सर्व्हिस) चालू आहे, तरी वेळ का घेईना? आणि व्हीपीएस रीबूट केल्यावर टनेल कसा काय उठला?

गोदाकाठ:
वेळ एनटीपीनं (इंटरनेटवरून घड्याळ जुळवायची पद्धत) यूडीपी पोर्ट १२३ वरून येते. तुमची सगळी ये-जा टनेलमधून, आणि व्हीपीएसच्या फायरवॉलमध्ये १२३ बंद. इतके दिवस मदरबोर्डच्या सेलवर निभावलं. तो सेल संपलाय. अशा वेळी सिस्टिमडी (लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) शेवटची साठवलेली वेळ उचलतं, म्हणून घड्याळ लाइट जायच्या थोडं आधीच्या वेळेवरून पुढं चालू झालं.

टनेलची गंमत अशी की वायरगार्डच्या हँडशेकमध्येही वेळेचा शिक्का असतो. जुनं पाकीट कोणी परत पाठवू नये म्हणून समोरचा शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याच्यापेक्षा मागचा आला की गुपचूप टाकून देतो, चूक म्हणून कुठं दाखवतही नाही. घड्याळ मागं पडलेलं असेल तर हँडशेक होणारच नाही. हा शिक्का व्हीपीएसच्या मेमरीत असतो. रीबूट केल्यावर तो पुसला गेला आणि टनेल उठला. म्हणजे घड्याळ चुकलं म्हणून टनेल नाही, आणि टनेल नाही म्हणून घड्याळ सुधारत नाही. रीबूटनं पहिली अडचण सुटली, पण दुसरी १२३ बंद असल्यामुळं तशीच राहिली.

आता क्रम नीट पाळा. आधी साइडकिक थांबवा. घड्याळ एकदम तीन दिवस पुढं गेलं की रिट्रायमधल्या सगळ्या २,१०० कामांची वेळ एकाच क्षणी ‘होऊन गेलेली’ ठरते आणि हे काम अर्धवट असतानाच सगळी एकदम सुटतात. जुन्या डेस्कटॉपला तेवढ्यानं दम लागतो, पुमा (मॅस्टोडॉनचा वेब सर्व्हर) आणि पोस्टग्रेसही (डेटाबेस) सोबत अडकतात.

मग घरच्या वायरगार्ड कॉन्फिगमध्ये अलाउड आयपीज फक्त व्हीपीएसच्या टनेलमधल्या पत्त्यापुरते करा, शेवटी /३२ (म्हणजे एकच पत्ता). तुमचा एनजिनएक्स व्हीपीएसवरच आहे, त्यामुळं घरी येणारी प्रत्येक विनंती त्याच पत्त्यावरून येते. सगळं टनेलमध्ये कोंबायचं कारणच नाही. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठरावीक सेकंदांनी टनेल जागा ठेवणारी सेटिंग) २५ असू द्या, सीजीनॅटमागं तो लागतोच. आता एनटीपी थेट घरच्या राउटरवरून जाईल. एक गोष्ट लक्षात ठेवा: बाहेर जाणाऱ्या पोस्टही आता घरच्या आयपीवरून जातील. ते नको असेल तर सगळं टनेलमध्येच ठेवून एनटीपीपुरती वाट वेगळी काढा, पण ती खटपट जास्त आहे.

वायरगार्ड रीस्टार्ट करा, टाइमसिंकडी रीस्टार्ट करा, ‘येस’ दिसेपर्यंत थांबा. दिसलं की ‘एचडब्ल्यूक्लॉक’ला ‘सिसटूएचसी’ पर्याय देऊन तीच वेळ मदरबोर्डच्या घड्याळात लिहा. सेल सीआर२०३२, ३ व्होल्टचा; घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मशीनचा प्लग काढूनच बदला आणि वेळ त्यानंतर पुन्हा एकदा लिहा, नाहीतर आधी लिहिलेलं सेल काढताना जातं.

सगळ्यात शेवटी साइडकिक सुरू करा.

लातुरी_तडका:
गोदाकाठ म्हणाले ते बरोबर. लाइट परत जाणारच आहे, म्हणून एक भर. ‘सिस्टिमडी टाइम वेट सिंक’ ही सर्व्हिस एनेबल करा आणि वायरगार्ड व साइडकिक या दोन्हींच्या युनिटमध्ये (सर्व्हिसच्या सेटिंगची फाइल) ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ला ‘टाइम सिंक टार्गेट’ लिहा. मूळ फाइलला हात लावू नका, ‘सिस्टिमसीटीएल एडिट’नं वेगळा तुकडा करा, म्हणजे अपडेटमध्ये उडत नाही. वेळ जुळेपर्यंत दोन्ही थांबून राहतील. मात्र एनटीपी टनेलबाहेर काढल्यावरच हे करा. नाहीतर टनेल उठल्यावर वेळ पुन्हा बंद १२३ वरच अडेल.

आणि इन्व्हर्टरवर मशीन असून फायबरचा डबा नसेल तर काही उपयोग नाही. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या.

परभणीचा_पेंग्विन:
केलं. १९ सेकंदांत ‘येस’ आलं, सेलही बदलला. रिट्राय २,१०० वरून ४० वर आलेत, अडकलेले फॉलोही मार्गी लागले. आता तीन शंका. घड्याळ चुकलेलं असताना टाकलेल्या पोस्ट गेल्या का? तीन दिवसांत बाहेरून आलेलं सगळं गेलंच का? आणि मोबाइलवरून मोठा फोटो चढवला की कधी कधी ५०४ (मागच्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही) येतो, तो का?

गोदाकाठ:
पहिल्या दोन्हींचं उत्तर रिट्रायच्या नियमात आहे. मॅस्टोडॉन एक पोस्ट पोचवायला पहिल्या प्रयत्नानंतर १६ वेळा परत बघतं, दर वेळी अंतर वाढवत. ४०१, ४०८, ४२९ यांना रिट्राय मिळतो, तसाच ५००च्या घरातल्या नकारांनाही, फक्त ५०१ सोडून. ४०३, ४०४, ४१० आले की काम तिथंच सोडून दिलं जातं. तुमचं नशीब की तुम्हाला ४०१ मिळत होता. प्रत्येक प्रयत्नाला सही नव्यानं होते, त्यामुळं रांगेतलं सगळं नव्या तारखेनं गेलं. पोस्टवरची वेळ मात्र तीन दिवस जुनीच राहील, म्हणून त्या लोकांच्या टाइमलाइनमध्ये वर दिसणार नाहीत. कोणाला दिसली नाही तर नवल नको.

बाहेरच्यांच्या रांगेत जे अजून शिल्लक होतं ते येईल. ज्यांचे प्रयत्न संपले ते आपोआप येत नाही. एखादी पोस्ट हवीच असेल तर तिचा पत्ता तुमच्या शोधपेटीत टाका, तेवढी एक ओढून घेतली जाते. कोणत्याही सर्व्हरनं तुम्हाला अजून कायमचं सोडलेलं नसावं. मॅस्टोडॉन वेगवेगळ्या ७ दिवशी अपयश आल्यावरच समोरच्याला बंद धरतं, आणि तुमच्याकडून काही पोचलं की ती खूण पुसतं.

लातुरी_तडका:
५०४चं मी सांगतो. व्हीपीएसचा पत्ता कॉन्फिगमध्ये आयपीव्ही६ आहे का? वायरगार्डचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) मुळात १४२०. आयपीव्ही४ वरून त्यावर ६० बाइट चढतात, १४८० होतात, पीपीपीओईच्या (घरच्या ब्रॉडबँडच्या जोडणीची पद्धत) १४९२ मध्ये बसतात. आयपीव्ही६ वरून ८० चढतात, बरोबर १५००, मग ८ बाइट जास्त. छोटी विनंती सुखरूप जाते, मोठा फोटो अर्ध्यात लटकतो. दोन्ही टोकांना एमटीयू १४१२ करा. तरी अडलं तर १२८०.

परभणीचा_पेंग्विन:
आयपीव्ही६च होता. १४१२ केला, १२ एमबीचा फोटो एका दमात चढला. रिट्रायमध्ये आता ७ उरलेत, सगळे ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. हाताने काढू का?

गोदाकाठ:
राहू द्या. ते सर्व्हर बंद पडलेले दिसतात. सात दिवस भरले की मॅस्टोडॉन स्वतःच त्यांना पाठवायचं थांबवेल.