सकाळी गाडी चालू केली की ३-४ सेकंद टकटक, ऑइल फिल्टरमुळे असेल का?

रावेरहून विचारतोय. पेट्रोल गाडी आहे, सर्व्हिसिंगला ऑइल तेच टाकलं पण फिल्टर स्वस्तातला बसवला, आता थंडीत पहाटे केळीच्या बागेत जायला निघतो तेव्हा सेल मारल्याबरोबर टकटक होते नि ऑइलचा लाल लाईटही जरा उशिरा विझतो, दिवसभर मात्र काहीच नाही.

> चाळीसगावकर: भाऊ, फिल्टर आडवा बसतो का उलटा, म्हणजे तोंड खाली? तसा असेल तर आत रबराचा वॉल्व असतो, तो रात्रभर ऑइल फिल्टरमध्ये धरून ठेवतो. तो नीट बसत नसेल तर सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल टाकीत उतरतं, मग सकाळी पंप आधी फिल्टर भरतो आणि तेवढा वेळ वरचे टॅपेट (इंजिनाचे वॉल्व उघडणारे भाग) कोरडे वाजतात. तोंड वर असलेल्या फिल्टरला हा त्रास जवळजवळ नसतो.

> धुळे गॅरेज: बरोबर. साधं काळं रबर उष्णतेने कडक होतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं, ते बहुतेक केशरी असतं, नवा फिल्टर घेताना तोंडावरच्या मोठ्या भोकाभोवतीच्या बारीक भोकांतून डोकावून बघा, दिसतं. आणि आडवा असेल तर रात्रभर उभ्या गाडीचा जुना फिल्टर सकाळी चालू न करता खोलून बघा, रिकामा निघाला तर वॉल्व गेलाच समजा. ऑइलची ग्रेड, म्हणजे घट्टपणाही तपासा, पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय आणि त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० टाकलं तर थंडीत ते वर चढायला वेळ लागणारच.

> रावेरवाला: आडवाच आहे भाऊ. उद्या पहाटेच खोलतो.