मदत हवी आहे: 1930 मधला सोलापूरच्या गिरणीचा भोंगा

नोकरी सांभाळून पहिली ऐतिहासिक कादंबरी लिहितोय. काळ सोलापूरच्या मार्शल लॉचा (लष्करी कायद्याचा), 12 मे ते 30 जून 1930. प्रत्येक प्रसंगाचं वेगळं कार्ड केलंय: तारीख, वार, तिथी, ठिकाण. तिथी फार कामाची! 12 मे सोमवार, पौर्णिमेच्या आसपासचा; त्या रात्री मिट्ट काळोखात पात्र गल्लीबोळातून पळवता येत नाही. आठ तासांची पाळीही चालणार नाही. 1922 च्या कारखाना कायद्याने दिवसाला 11, आठवड्याला 60 तासांपर्यंत काम घेता यायचं.

अडलंय ते गिरणीच्या तपशिलात. सोलापूरच्या 'जुनी मिल' या कापडगिरणीचा पहाटेचा भोंगा किती वाजता व्हायचा? जेवणाची सुट्टी किती? जॉबरला, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाला, मराठी, तेलुगू, कन्नड कामगार काय हाक मारायचे?

घरात जुनी पगारचिठ्ठी असेल तर फोटो टाका. ऐकीव आठवण असेल तर सांगणाऱ्याचं गिरणीतलं खातं (विभाग) आणि साल नक्की लिहा, नाहीतर 1946 नंतरच्या, कामाचे तास कमी झाल्यावरच्या वेळा त्यात मिसळतात.